मुक्त सॉफ्टवेअर : परिचय आणि मराठीच्या दृष्टीने महत्त्व

संगणक ही आता मोठ्या कचेरीतील किंवा सधन घरातील वस्तू राहिलेली नाही. आपल्या छत्रपती संभाजीनगर शहरात क्रांती चौकापासून टी.व्ही. सेंटरपर्यंत कोठेही गेले तरी संगणकाचे वर्ग, ऑनलाइन अर्ज भरून देणारी दुकाने आणि अभ्यासिका दिसतात. शिष्यवृत्तीचा अर्ज, स्पर्धा परीक्षेचे प्रवेशपत्र, वीजबिल, बँकेचे खाते असे सर्व व्यवहार संगणकावर किंवा मोबाइलवर होतात. असे असूनही काही साधे प्रश्न आपण क्वचितच विचारतो. ज्या सॉफ्टवेअरवर हे सर्व चालते ते कोणाचे आहे? त्याच्यावर हक्क कोणाचा? आणि उद्या ते बंद पडले तर त्यात आपण लिहून ठेवलेल्या मजकुराचे काय होणार?

या प्रश्नांचे एक उत्तर 'मुक्त सॉफ्टवेअर' या नावाने गेली चाळीस वर्षे जगापुढे आहे. प्रस्तुत लेखात त्याचा परिचय करून घ्यावयाचा आहे. विषय तांत्रिक वाटला तरी तो समजण्यास तांत्रिक शिक्षणाची अट नाही. प्रस्तुत लेखक कला शाखेचा पदवीधर असून बँकेत कारकुनाचे काम करतो. त्यामुळे उदाहरणेही शक्यतो रोजच्या व्यवहारातील घेतली आहेत.

सॉफ्टवेअर आणि सोर्स कोड

संगणक स्वतः विचार करीत नाही. त्याला एकापाठोपाठ एक आज्ञा द्याव्या लागतात. अशा आज्ञांचा संच म्हणजे सॉफ्टवेअर होय. प्रोग्रामर या आज्ञा माणसाला वाचता येतील अशा भाषेत लिहितो. त्या लिखाणाला सोर्स कोड म्हणतात. पुढे त्याचे शून्य आणि एक यांच्या रूपात रूपांतर होते व ते रूप संगणक चालवितो. बाजारात विकत मिळणारे बहुतेक सॉफ्टवेअर आपल्याला या दुसऱ्या रूपातच मिळते. ते चालविता येते, पण वाचता येत नाही.

बँकेतील उदाहरण घेऊ. ग्राहकाच्या पासबुकात व्याज जमा होते. त्याला शंका आली तर तो विचारतो, 'हे व्याज कसे काढले?' त्याला दर, दिवस आणि रीत सांगावी लागते. 'व्याज इतकेच आहे, ते कसे काढले हे गुपित आहे' असे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही. परंतु संगणकाच्या बाबतीत आपण नेमके हेच उत्तर मुकाट्याने ऐकून घेतो. आकडा पडद्यावर दिसतो, रीत मात्र बंद पेटीत असते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ही रीत म्हणजे सोर्स कोड सर्वांसाठी उघडा ठेवलेला असतो.

चार स्वातंत्र्ये

कोणते सॉफ्टवेअर मुक्त म्हणावयाचे, यासाठी चार कसोट्या मानल्या जातात.

(१) ते कोणत्याही कामासाठी चालविण्याचे स्वातंत्र्य. घर, शाळा, दुकान, संस्था असा भेद नाही.

(२) ते कसे चालते याचा अभ्यास करण्याचे आणि गरजेप्रमाणे बदल करण्याचे स्वातंत्र्य. यासाठी सोर्स कोड मिळणे आवश्यक आहे.

(३) त्याच्या प्रती इतरांना देण्याचे स्वातंत्र्य.

(४) आपण सुधारलेली आवृत्ती इतरांना देण्याचे स्वातंत्र्य, म्हणजे एकाच्या सुधारणेचा लाभ सर्वांना व्हावा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मुक्त म्हणजे फुकट नव्हे. मोबाइलवर असंख्य ॲप पैसे न देता मिळतात. परंतु त्यांचा सोर्स कोड मिळत नाही, त्यांत बदल करता येत नाही आणि ती आपल्याविषयी कोणती माहिती गोळा करतात हेही पाहता येत नाही. ती फुकट आहेत, मुक्त नाहीत. उलट मुक्त सॉफ्टवेअर बसवून देण्याचे, शिकविण्याचे किंवा दुरुस्त करण्याचे पैसे घेण्यास कोणतीच आडकाठी नाही. त्यावर मोठमोठ्या कंपन्या चालतात. तसेच विकतच्या सॉफ्टवेअरची चोरून केलेली प्रत म्हणजेही मुक्त सॉफ्टवेअर नव्हे. तेथे कायद्याचा भंग होतो, आणि अशा प्रतीबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो तो वेगळाच.

'मुक्तस्रोत' किंवा ओपन सोर्स हा शब्दही आपल्या कानावर येतो. तो १९९८ मध्ये प्रचारात आला. मुक्त सॉफ्टवेअर म्हणणारे वापरणाऱ्याच्या स्वातंत्र्यावर भर देतात, तर ओपन सोर्स म्हणणारे खुल्या पद्धतीने काम केल्याने सॉफ्टवेअर अधिक चांगले होते यावर भर देतात. दोन्ही नावांनी ओळखली जाणारी सॉफ्टवेअर बहुतांशी तीच आहेत. म्हणून या लेखात 'मुक्त' हा एकच शब्द वापरला आहे.

चळवळीचा थोडक्यात इतिहास

अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन हे प्रोग्रामर काम करीत. १९८० च्या सुमारास त्यांच्या प्रयोगशाळेत नवा प्रिंटर आला. त्यात कागद वारंवार अडके. आधीच्या प्रिंटरच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांनी अशी सोय केली होती की कागद अडकताच वापरणाऱ्यांना संगणकावर सूचना मिळे. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मात्र मिळाला नाही. ज्याच्याजवळ तो होता त्याने गुप्ततेचा करार केलेला असल्याने देण्यास नकार दिला. प्रश्न लहान होता, पण त्यातून मोठा प्रश्न निघाला. ज्ञान असूनही ते शेजाऱ्याला द्यावयाचे नाही, असा करार योग्य आहे काय?

स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' हा प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केले. १९८९ मध्ये 'जीपीएल' हा परवाना तयार झाला. त्यातील मुख्य अट अशी की, हे सॉफ्टवेअर घ्या, बदला, वाटा. मात्र पुढे देताना सोर्स कोडही द्या आणि घेणाऱ्याला तुम्हाला मिळाली तीच स्वातंत्र्ये द्या. म्हणजे कोणी ते घेऊन कुलूपबंद करू शकत नाही. कायद्याने लेखकाला जो हक्क मिळतो त्याच हक्काच्या आधारे सर्वांचा हक्क राखण्याची ही युक्ती आहे.

१९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने 'लिनक्स' हा संगणक-प्रणालीचा गाभा लिहिला व पुढच्याच वर्षी तो जीपीएलखाली दिला. ग्नू आणि लिनक्स मिळून पूर्ण मुक्त प्रणाली झाली. आज अँड्रॉइड मोबाइलच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वात वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. एका विद्यार्थ्याने सुरू केलेल्या आणि हजारो लोकांनी वाढविलेल्या कामाचा हा विस्तार आहे.

भारतात जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरम येथे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ऑफ इंडियाचा आरंभ झाला. केंद्र सरकारने २०१५ मध्ये आपल्या कार्यालयांसाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले.

मराठी अक्षरांची कहाणी

मुक्त सॉफ्टवेअरचे महत्त्व आपल्याला सर्वात जवळून कळते ते मराठी अक्षरांच्या बाबतीत. हा भाग जरा सविस्तर पाहू.

संगणक अक्षर साठवीत नाही, क्रमांक साठवितो. इंग्रजीसाठी १९६० च्या दशकातच सर्वमान्य क्रमांक ठरले. मोठ्या 'ए' चा क्रमांक ६५ म्हणजे ६५, मग संगणक कोणत्याही कंपनीचा असो. देवनागरीची स्थिती वेगळी होती. १९९० च्या दशकात मराठी छपाई खिळ्यांची जुळणी सोडून संगणकावर आली. छापखान्यांतून श्री-लिपी, आकृती, आय.एस.एम. अशी सॉफ्टवेअर वापरात आली. मराठी पुस्तके, दिवाळी अंक आणि स्मरणिका यांची छपाई त्यांच्यामुळे सोपी झाली, हे त्यांचे श्रेय मान्य केलेच पाहिजे. भारतीय लिप्यांसाठी सरकारी प्रमाणही १९९१ मध्ये ठरले होते. परंतु छपाईच्या व्यवहारात प्रत्येक फाँटची क्रमांक-पद्धत निरनिराळी राहिली. इंग्रजी अक्षरांच्या जागी काना, वेलांटी, अर्धे अक्षर असे देवनागरीचे तुकडे बसविलेले असत. ते कोणी कोठे बसवावयाचे याचा मेळ नव्हता.

पूर्वी बँकेत पैसे काढताना पितळी टोकन मिळत असे. १७ क्रमांकाचे टोकन या शाखेत एका माणसाचे, तर दुसऱ्या शाखेत दुसऱ्याच माणसाचे. टोकन घेऊन भलत्या शाखेत गेले तर पैसे मिळणार नाहीत. मराठी मजकुराचे तसेच झाले. ज्या फाँटमध्ये तो टाइप केला तो फाँट संगणकावर नसेल तर पडद्यावर मराठी न दिसता इंग्रजी अक्षरे आणि चित्रविचित्र खुणा दिसत.

याचा परिणाम आजही भोगावा लागतो. त्या काळातील कित्येक संस्थांच्या स्मरणिका, सभासदांच्या याद्या, अहवाल आणि भाषणे यांच्या फाइली कोणाच्या तरी कपाटात सीडीवर पडून आहेत. छापखाना बंद झाला, सॉफ्टवेअरची जुनी आवृत्ती नव्या संगणकावर चालत नाही. मजकूर आपला, भाषा आपली, टाइप करण्याचे पैसेही आपणच दिलेले. पण किल्ली आपल्याजवळ नाही. रूपांतर करून देणारी साधने आता मिळतात, तरी प्रत्येक फाँटसाठी वेगळे कोष्टक लागते आणि नंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावीच लागतात. छापील प्रतही हरवली असेल तर तो मजकूर गेल्यातच जमा आहे. ज्या समाजाचा लिखित इतिहास मुळातच थोडा आहे, त्याला असे नुकसान परवडणारे नाही.

यातून मार्ग निघाला तो खुल्या प्रमाणामुळे. युनिकोड या जागतिक प्रमाणाच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. त्यात 'क' चा क्रमांक २३२५ आहे, आणि तो दिल्लीतही तोच, दौलताबादेतही तोच. 'ॲ' हे अक्षर त्यात २००८ मध्ये आले. भारत सरकारने २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण ठरविले. युनिकोड हे सॉफ्टवेअर नव्हे, तो सर्वांनी मान्य केलेला क्रमांकांचा तक्ता आहे. केवळ तक्ता असून भागत नाही. त्याप्रमाणे अक्षर दाखविणारा फाँट हवा, जोडाक्षर जुळविणारे सॉफ्टवेअर हवे आणि ते सर्वांना परवडेल असेही हवे. येथे मुक्त सॉफ्टवेअरचे काम सुरू होते.

मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेत सुप्रसिद्ध सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली 'रघु' हा युनिकोड फाँट तयार होऊन जीपीएल परवान्याने खुला झाला. (विंडोजमध्ये दिसणारा 'मंगल' फाँटही जोशी यांनीच घडविला, मात्र तो मुक्त नाही.) २००४ मध्ये रेड हॅट या कंपनीने 'लोहित' ही भारतीय लिप्यांची फाँट-मालिका मुक्त केली. ती मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने घडविली होती. श्री-लिपी तयार करणारी कंपनीही हीच, हे लक्षात घेण्यासारखे आहे. एकच कंपनी बंद आणि मुक्त अशा दोन्ही मार्गांनी काम करू शकते. पुढे मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेने 'मुक्त' आणि 'बालू' हे सुबक फाँट खुल्या परवान्याने दिले. आज कोणताही छापखाना, शाळा किंवा विद्यार्थी ते पैसे न देता वापरू शकतो.

मराठीत पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' लिहिण्याची रीत आहे. हिंदीत या अक्षरांची वळणे निराळी आहेत. बंद फाँटमध्ये मालकाने दिले ते वळण घ्यावे लागते. मुक्त फाँटमध्ये जाणकार व्यक्ती मराठीसाठी वेगळे वळण घालू शकते, आणि तसे घातलेही गेले आहे.

जोडाक्षरांचे काम 'हार्फबझ' नावाचे मुक्त सॉफ्टवेअर करते. हे नाव फारसीतून घेतले आहे. हर्फ म्हणजे अक्षर आणि बाझ म्हणजे उघडे. हर्फ हा शब्द आपल्या शहराला नवा नाही. फायरफॉक्स, क्रोम, लिब्रेऑफिस आणि अँड्रॉइड या सर्वांत तेच वापरले जाते. मोबाइलवर 'ज्ञानेश्वर' किंवा 'सिद्धार्थ' हे शब्द नीट जुळलेले दिसतात त्यामागे या मुक्त सॉफ्टवेअरचे श्रम आहेत.

१ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झालेला मराठी विकिपीडियाही मुक्त सॉफ्टवेअरवर चालतो. त्यातील मजकूर नाव नमूद करून कोणीही वापरू शकतो.

प्रत्यक्ष फायदे

आता मुक्त सॉफ्टवेअरचे सर्वसामान्य फायदे क्रमाने पाहू.

(१) खर्चात बचत : सॉफ्टवेअरच्या परवान्यासाठी प्रत्येक संगणकामागे पैसे द्यावे लागत नाहीत. पत्र, हिशेबाचे तक्ते आणि सादरीकरण यांसाठी लिब्रेऑफिस, छायाचित्रांसाठी जिम्प, चित्र व बोधचिन्हांसाठी इंकस्केप, पाने लावण्यासाठी स्क्रायबस, ध्वनी व चित्रफितींसाठी व्हीएलसी ही सॉफ्टवेअर उपलब्ध आहेत. लहान संस्थेला वाचलेला पैसा पुस्तकांसाठी वापरता येतो.

(२) जुने संगणक उपयोगी पडतात : विंडोज १० ची नियमित सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. अनेक जुन्या संगणकांवर विंडोज ११ बसत नाही. असे संगणक भंगारात देण्याऐवजी त्यांवर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसविली तर ते अभ्यासिकेत आणखी काही वर्षे चालू शकतात.

(३) कागदपत्रे टिकतात : लिब्रेऑफिस ज्या 'ओडीएफ' स्वरूपात मजकूर साठविते ते २००६ पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्याची रचना प्रसिद्ध असल्याने लिब्रेऑफिस उद्या बंद पडले तरी दुसरे सॉफ्टवेअर ती फाइल उघडू शकेल. हे केवळ कल्पनेतले नाही. लिब्रेऑफिसचा पूर्वज ओपनऑफिस ज्या कंपनीकडे होता ती २०१० मध्ये विकली गेली. तेव्हा काम करणाऱ्यांनी त्याच सोर्स कोडवरून लिब्रेऑफिस सुरू केले. मालक बदलला, काम थांबले नाही.

(४) शिकण्याची संधी : तयार यंत्र वापरणे वेगळे आणि ते उघडून पाहणे वेगळे. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जगातील उत्तम प्रोग्रामरचे काम घरी बसून वाचता येते. मुंबईच्या आय.आय.टी.चा 'स्पोकन ट्युटोरियल' हा प्रकल्प लिनक्स, लिब्रेऑफिस आदींचे छोटे ध्वनिचित्र-पाठ देतो व त्यांपैकी अनेक मराठीत आहेत. आपल्या विद्यापीठ परिसरातील 'नाइलिट' या केंद्र सरकारच्या संस्थेच्या सीसीसी अभ्यासक्रमातही लिब्रेऑफिस शिकविले जाते. एमएस-सीआयटी झालेल्यांना ते परके वाटणार नाही.

(५) दृष्टिहीनांना आधार : पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी सॉफ्टवेअर फार महाग असत. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 'एनव्हीडीए' सुरू केले. ते मुक्त असून मराठीही वाचते. मुंबईतील दृष्टिहीन संगणकतज्ज्ञ कृष्णकांत माने यांच्या पुढाकाराने 'ग्नूखाता' हे हिशेबाचे मुक्त सॉफ्टवेअर तयार झाले. ज्याला मदतीची गरज आहे असे समाज समजतो, त्यानेच समाजाला हिशेबाचे साधन दिले.

(६) ग्रंथालयांची सोय : 'कोहा' हे ग्रंथालयाचे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडमधील एका ग्रामीण ग्रंथालयासाठी तयार झाले आणि २००० च्या आरंभापासून वापरात आले. आज भारतातील अनेक विद्यापीठे व महाविद्यालये ते वापरतात. खेड्यातील गरजेतून निघालेली वस्तू विद्यापीठांनी स्वीकारली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मर्यादा आणि आक्षेप

एकच बाजू मांडणे अभ्यासाला धरून होणार नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या काही अडचणी आहेत.

पहिली अडचण मदतीची. बिघाड झाला तर कोणाला बोलवावे? आपल्या गल्लीतील दुरुस्ती करणाऱ्याला विंडोज येते, लिनक्स येईलच असे नाही. दुसरी अडचण जुळवून घेण्याची. छापखाना, चार्टर्ड अकाउंटंट किंवा सरकारी कार्यालय एखादे विशिष्ट सॉफ्टवेअर मागत असेल तर तेथे आपला हट्ट चालत नाही. काही प्रिंटर व स्कॅनर लिनक्सवर नीट चालत नाहीत. नवीन मांडणीची सवय होईपर्यंत काम मंदावते, हेही खरे.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा. सोर्स कोड सर्वांना दिसतो तर चोरालाही दिसणार नाही काय? दिसतो. परंतु तो तपासणाऱ्यांनाही दिसतो. बँकेत रोकड एकाने मोजली तरी दुसरा तपासतो. दोन डोळ्यांपेक्षा चार डोळे बरे, हे तत्त्व येथेही लागू आहे. मात्र तपासणी प्रत्यक्ष झाली पाहिजे. इंटरनेटवरील व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या 'ओपनएसएसएल' या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये एक गंभीर चूक दोन वर्षे राहून गेली व ती एप्रिल २०१४ मध्ये उघड झाली. जगभर वापरल्या जाणाऱ्या त्या कामावर पूर्ण वेळ लक्ष देणारी माणसे अगदीच थोडी होती. उलट मार्च २०२४ मध्ये 'एक्सझेड' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणीतरी मुद्दाम घुसविलेला चोरदरवाजा एका अभियंत्याच्या लक्षात आला. संगणकावर प्रवेश करताना लागणारा सुमारे अर्ध्या सेकंदाचा उशीर त्याला खटकला म्हणून त्याने शोध घेतला. सोर्स कोड खुला असल्यामुळेच त्याला मुळापर्यंत जाता आले. सारांश, वही उघडी ठेवणे ही पहिली पायरी आहे. ती कोणीतरी वाचली तरच तिचा उपयोग.

आपण काय करू शकतो?

सर्व काही एका दिवसात बदला, असे येथे सुचवावयाचे नाही. संस्थेला आणि विद्यार्थ्यांना झेपतील अशी काही कामे मांडतो.

संस्थेचा यापुढील सर्व मराठी मजकूर, म्हणजे सभासद यादी, इतिवृत्त, अहवाल, स्मरणिकेचे लेख, युनिकोडमध्येच टाइप करावा. छापखान्याला देताना 'छपाईनंतर युनिकोडमधील फाइल संस्थेस परत द्यावी' अशी अट घालावी. त्या फाइलीच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात.

जुन्या स्मरणिकांपैकी ज्यांच्या फाइली कोणाकडे असतील त्या गोळा करून युनिकोडमध्ये आणाव्यात. नसतील तर छापील प्रतींवरून सुटीच्या दिवसांत टाइप कराव्यात. चार-पाच विद्यार्थ्यांनी वाटून घेतले तर हे काम अवघड नाही.

अभ्यासिकेसाठी एखादा जुना संगणक मिळाल्यास त्यावर लिनक्स बसवून पाहावे. बसविण्यापूर्वी पेनड्राइव्हवरून चालवून पाहण्याची सोय असते, त्यामुळे संगणकातील आधीचा मजकूर न पुसता चाचणी घेता येते. तोपर्यंत विंडोजवरही लिब्रेऑफिस आणि फायरफॉक्स वापरता येतातच.

ग्रंथालयातील पुस्तकांची यादी आधी साध्या तक्त्यात तयार करावी. पुस्तके वाढली की कोहाचा विचार करावा.

विद्यार्थी मित्रांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. मुक्त सॉफ्टवेअरला प्रोग्रामरइतकीच भाषा जाणणाऱ्यांची गरज असते. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस यांतील मराठी शब्दयोजना स्वयंसेवकांनी केली आहे. त्यात अजून पुष्कळ सुधारणेला वाव आहे. काही ठिकाणी शब्द इतके जड आहेत की इंग्रजी शब्द सोपा वाटावा. मराठी घेऊन बी.ए. करणारा विद्यार्थी तेथे चांगली भर घालू शकतो. मोझिला संस्थेच्या 'कॉमन व्हॉइस' या प्रकल्पात लोक आपल्या आवाजात वाक्ये वाचून देतात. तो आवाजांचा संग्रह सर्वांसाठी खुला असतो व त्यावरून संगणकाला बोली भाषा समजण्यास शिकविता येते. त्यात मराठीचा समावेश आहे. आपण मराठवाड्यातील लोकांनी आवाज दिला नाही तर उद्याच्या यंत्राला पुण्या-मुंबईची मराठी कळेल आणि जालना, बीड, परभणीच्या माणसाचे बोलणे कळणार नाही. तेव्हा तक्रार करण्यात अर्थ राहणार नाही.

समारोप

मुक्त सॉफ्टवेअरचा विचार पैशाच्या बचतीपासून सुरू होतो, पण तेथे संपत नाही. त्याचा खरा प्रश्न मालकीचा आहे. आपण लिहिलेला शब्द आणि मांडलेला हिशेब पन्नास वर्षांनी आपल्या नातवंडांना उघडून वाचता येईल काय, हे आपण आज कोणते साधन निवडतो यावर अवलंबून आहे. मराठी अक्षरांच्या बाबतीत एकदा किल्ली दुसऱ्याच्या हाती राहिल्याने काय झाले ते आपण पाहिले. अनेक लोकांनी वर्षानुवर्षे श्रम करून ती किल्ली आता सर्वांसाठी खुली ठेवली आहे. तिचा वापर करणे, आणि जमेल तेवढी आपली भरही तिच्यात घालणे, हे आपल्या हाती आहे. निदान पुढील स्मरणिकेची फाइल युनिकोडमध्ये जपून ठेवण्यापासून आरंभ करण्यास कोणाचीही हरकत नसावी.